टॅबलेट नाही म्हणतो

३ फेब्रुवारी, सोमवार

मॉनिटर घेतला. टॅक्सीत घालून थेट दादाच्या घरी नेला. चार जिने, लिफ्ट नाही. टॅक्सीवाल्यानं एक टोक धरलं आणि प्रत्येक जिन्यावर "अजून किती?" असं विचारून माझा जीव खाल्ला. वहिनीनं दार उघडलं, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई वन्सं, आता हे काय आणलंत?"

त्या 'आता'वर तिनं दिलेला जोर मी बरोबर टिपला. सगळी नोकरी कोर्टात लघुलेखिका म्हणून केली आहे. कोण कुठल्या शब्दावर जोर देतं हे मला कोणी शिकवू नये.

हा खटाटोप कशासाठी ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी शब्द फिरवायला नको. आईला झटका आला तेव्हा तिचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. दादानं तिला टॅबलेट आणून दिला, त्यावर ती डाव्या हाताच्या एका बोटानं लिहिते. एवढं एक काम त्यानं चांगलं केलं, नाही म्हणत नाही. पण लिहिलेलं वाचून कोण दाखवतं? वहिनी. आईच्या खांद्यावरून डोकावणार आणि आम्हाला सांगणार, "आई म्हणताहेत पंखा कमी करा." "आई म्हणताहेत त्यांना आता पडायचंय." माझ्या आईचं बोलणं मी या बाईच्या तोंडून ऐकायचं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच.

आई माझ्याकडे राहायला यावी असं मी दादाला केव्हाच सांगितलं आहे. माझं घर तळमजल्यावर आहे, दारातून बाहेर पडलं की बाग. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले. पुढच्या खोलीत पलंग टाकला आहे, खिडकीशी. दादाचं आपलं एकच पालुपद, "आई म्हणेल तसं." आणि आई काय म्हणाली? "त्यावर आईंनी काही लिहिलं नाही हो," इति वहिनी. कसं लिहील? लिहिलं तरी आमच्यापर्यंत येईल का?

म्हणून मी मामांना मध्ये घातलं. आईच्या पाठचा भाऊ, त्यांचा शब्द दादा मोडत नाही. मामा येत्या सोळा तारखेला येणार. त्यांच्यासमोर आईनं स्वतः लिहायचं, कुठे राहायचं ते. आणि ते मोठ्या पडद्यावर दिसायला हवं, सगळ्यांना एकदम, मध्ये दुभाषी नको. शिवाय आईला टॅबलेटवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. मी तिथे गेले की ती एक अक्षर लिहीत नाही, याचं दुसरं काय कारण असणार?

वहिनी म्हणते, "दिसतं हो त्यांना."

तिला काय माहीत.

टॅबलेटची चार्ज करायची तार मॉनिटरला जोडली. टॅबलेट चार्ज व्हायला लागला. मॉनिटरवर निळ्या चौकटीत 'सिग्नल नाही' असं आलं आणि तो झोपला.

५ फेब्रुवारी, बुधवार

केबलवाल्याकडे गेले. बोळाच्या तोंडाशी दुकान आहे, काचेच्या पेटीत फुटक्या पडद्यांचे फोन मांडलेले, आणि मालकाच्या एका कानाला कायम फोन चिकटलेला. मी तार दाखवली. त्यानं नाक मुरडलं.

"यातून नुसती वीज जाते, बाई. चित्र नाही जात. तोंडं दिसायला सारखी, आत फरक."

माणसांचंही तसंच असतं, मी म्हणाले. तो हसला नाही. एक जाड केबल काढून दिली. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "आणि एक. पहिल्यांदा लावलंत ना, की टॅबलेट आधी—"

"चार्ज लागतो. माहितेय."

"तसं नव्हे, तो तुम्हाला—"

"पासवर्ड मागतो. आहे माझ्याकडे."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग खांदे उडवून परत फोनवर बोलायला लागला. या लोकांना एका वाक्याची दहा करायची सवय असते. कोर्टातही असे साक्षीदार यायचे. त्यांनी तोंड उघडलं की शेवटचं क्रियापद माझ्या कागदावर आधीच पडलेलं असायचं. एकदा साहेब खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले होते, "बाई, साक्षीदाराला बोलू तरी द्या!" सगळं कोर्ट हसलं होतं. इतकी माझी गती होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जाड केबल लावली. 'सिग्नल नाही'.

मॉनिटरला मागे तीन भोकं आहेत, त्यातलं आपलं कुठलं ते मॉनिटरलाही सांगावं लागतं. हे पुस्तिकेत वाचून मी एकटीनं शोधून काढलं. बटण मॉनिटरच्या पाठीला, खालच्या बाजूला, हाताला लागेल पण डोळ्यांना दिसणार नाही अशा बेतानं. करणाऱ्याचे हात कलम करावेत. टेबल भिंतीपासून ओढलं, मागे शिरले, वाकून केबल खुपसली, बटण दाबत दाबत बरोबर भोकावर आणलं. एक क्षण, अगदी एक क्षण, पडदा उजळला. पुन्हा 'सिग्नल नाही'. केबल काढली, परत घातली. तेच.

"आई, काही झालं का तुझ्याकडे?" मी मागूनच ओरडले. टॅबलेट तिच्या मांडीवर होता. तिनं मान हलवली, नाही.

बाजूनं मान काढून बघितलं तर तिचा डावा अंगठा टॅबलेटवर जरासा हलत होता. आता डाव्या हातालाही झटके यायला लागले की काय, असं वाटलं. वहिनीला विचारलं तर म्हणे, "छे, डावा हात छान आहे त्यांचा. काल स्वतः केस विंचरले." म्हणजे हिचं लक्षच नाही.

अशा घरात माझी आई आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाचा शिकवायला एक मुलगी येते, तिची जिन्यात गाठ पडली. कॉलेजातून बाहेर पडून दोन दिवस झाले नसतील. मला म्हणते, "तुम्ही त्यांच्या मुलगी ना? त्यांना वेळ द्या. मध्येच शब्द सुचवू नका. थकतात आणि मग सोडून देतात."

"मी सुचवत नाही," मी म्हणाले, "मला आधीच कळतं."

ती जिना उतरून गेली.

वर गेले. केबल लावली. नाही. टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला, मग लावली. नाही. दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, राहू दे ना. छोट्यावर लिहील ती." लहानपणी माझ्या सायकलची साखळी पडली की हा असंच म्हणायचा, राहू दे, चालत जाऊ. त्याच्यानं आयुष्यात एक गोष्ट धसास लागली नाही. त्याला बायको अशी मिळाली यात नवल नाही.

आईजवळ बसले. तिनं टॅबलेट उचलला, नाकाशी धरला, बोट टेकवलं. 'आज' असं लिहिलं.

"आज बरं वाटतंय," मी म्हणाले. "वाटणारच. मी आले की तुला बरं वाटतं."

तिनं टॅबलेट पालथा ठेवला. बारीक अक्षरांनी डोळे दुखले असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सोक्षमोक्ष लावायचा असं ठरवूनच गेले. मॉनिटर खाली नेणं शक्य नाही, पण टॅबलेट नेता येतो. आईच्या हातातून घेतला. ती सोडेना. एकेक बोट सोडवून घ्यावा लागला. वहिनी धावत आली.

"वन्सं, अहो, तो त्यांचा आवाज आहे! असा कसा नेता?"

"दुपारी आणून देते."

"आणि तोवर त्यांना काही लागलं तर?"

"तुम्ही आहात ना सगळं आईच्या वतीनं बोलायला. त्याची तर तुम्हाला सवयच आहे."

तिचं तोंड पडलं. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

केबलवाल्यानं माझीच केबल, आईचाच टॅबलेट, आणि त्याच्या दुकानातला धुळकट मॉनिटर जोडला. फोनवर बोलता बोलता टॅबलेटला एक बोट लावलं आणि झपकन चित्र आलं! घड्याळाचे एवढे मोठे आकडे, आईच्या टॅबलेटवरचे.

"चालतंय की," तो म्हणाला.

"घरी का चालत नाही मग?"

"घरी तुम्ही काय दाबता?"

"मी कशाला काय दाबू? मी मागे असते. केबल लावते."

"मग टॅबलेट कोणाच्या—"

"कळलं," मी म्हणाले. "कोण करतंय ते कळलं मला."

टॅबलेट ठीक, केबल ठीक, मॉनिटर नवा. बिघाड त्या घरात आहे. मी मागे वाकलेली असते तेव्हा वहिनी काहीतरी करते. काय करते ते कळत नाही, कारण ती स्वयंपाकघरात असते. पण कुठेतरी पाणी मुरतंय खास.

परत न्यायला संध्याकाळ झाली, वाटेत बँकेचं काम निघालं. आई दाराकडे तोंड करून बसली होती. टॅबलेट हातात दिला तो तिनं पदराखाली घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. एका दिवसात वहिनीनं किती कान भरले असतील!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जिना चढतानाच वहिनीचं हसणं ऐकू आलं. दाराशी थांबले. कोर्टाची सवय, आत शिरण्याआधी ऐकायचं. वहिनी बोलत होती. मग बराच वेळ शांतता. मग, "अय्या, खरंच? आणि मग काय केलंत तुम्ही?" पुन्हा लांब शांतता, आणि पुन्हा हसणं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात तसं. खोलीत त्या दोघींशिवाय कोणी नाही. आई तर बोलत नाही. ही बाई एकटीच बडबडते आणि एकटीच हसते. डोक्यावर परिणाम झालाय की काय, मामांच्या कानावर घालायला हवं.

मी आत गेले तशी आईनं टॅबलेट पालथा केला. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, ते हळूहळू गेलं.

"काय चाललं होतं?" मी विचारलं.

"काही नाही हो, जुन्या गोष्टी," वहिनी म्हणाली. "चहा टाकू?"

"चहा नको. मला फक्त एक सांगा. मी इथे मॉनिटर लावते तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी? मी काय करणार?"

"दुकानात चालतं, इथे चालत नाही."

"मग इथे नसेल चालत." तिनं कप उचलले. "वन्सं, एक बोलू? रागावू नका. तुम्ही आलात की घरात सगळ्यांनाच असं... उभं राहावंसं वाटतं. बसता येत नाही."

"तर मग उभे राहा," मी म्हणाले. "माझ्या आईला आजारपणात हसायला लावून तिला दमवायचं, हे तुमचं सेवाकार्य मला दिसतंय."

ती कप घेऊन आत गेली. मूग गिळून बसण्यात ती पटाईत आहे. अशा माणसाशी भांडताही येत नाही, भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. जिना उतरताना लक्षात आलं की आईला 'येते' म्हणायचं राहिलं. परत चार जिने कोण चढणार?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केबलवाल्याला घरी घेऊन गेले. तो वर पोहोचेपर्यंत धापा टाकत होता आणि मला मनात शिव्या देत होता, त्या चेहऱ्यावर दिसत होत्या. मी मागे जाऊन केबल लावली, तो आईसमोर उभा राहिला. 'सिग्नल नाही'.

"बघितलंत?" मी मागून म्हणाले.

"बघितलं," तो म्हणाला.

बाहेर आले तर तो आईकडे बघत होता आणि आई त्याच्याकडे, शाळेत दोघांनी मिळून खोडी केल्यावर पोरं बघतात तशी. पहिल्यांदाच तो फोनवर बोलत नव्हता.

"काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलेलं. सगळं ठीक आहे. आजीपण ठीक आहेत."

"मग रविवारी चालेल का?"

"चालायचं असेल तर चालेल," असं म्हणून गेला. वेंधळा. नाचता येईना आणि अंगण वाकडं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. जबानी लिहायचे तसं. माझं मत मध्ये घालणार नाही.

मामा आले. चार जिने चढून आल्यावर बराच वेळ ते खुर्चीत नुसते बसून होते, मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "आक्का, तुला या गडावर कोणी चढवलं?" आई हसली. मी म्हणाले, "तेच तर मी सांगते!" दादा खिडकीशी उभा होता. वहिनी दारात, पदराला हात पुसत.

आज केबल मी दादाला लावायला सांगितली. मला वहिनीवर नजर ठेवायची होती, म्हणून मी आईच्या खुर्चीला लागून उभी राहिले. केबल लावताना पहिल्यांदाच मी टॅबलेटच्या पुढच्या बाजूला होते.

दादानं केबल लावली. टॅबलेटवर एक चौकट आली. 'या पडद्यावर दाखवायचं का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

मी हे कधी बघितलंच नव्हतं. आईचा अंगठा सरळ 'नाही'वर गेला, दारातून येताना हात दिव्याच्या बटणाकडे जावा तसा, न बघता. मग थांबला. तिनं मामांकडे बघितलं, मग वहिनीकडे. आणि 'हो' दाबलं.

मॉनिटर उजळला. कोरं पांढरं पान, भिंतीएवढं वाटलं. मामांना चष्म्याशिवायही अक्षरं दिसावीत म्हणूनच एवढा मोठा मी घेतला होता.

आईनं लिहायला सुरुवात केली. 'मला'.

"मला माझ्या लेकीकडे जायचंय," मी वाचलं.

"मिरचे, तिला लिहू दे," मामा म्हणाले. ते मला लहानपणापासून मिरचीच म्हणतात.

आईनं बोट वर धरलं होतं. मी बोलायची थांबले तसं ते खाली आलं. 'मला तिच्या'.

"तिच्या जाचातून सुटायचंय! हिच्या, हिच्या म्हणतेय ती." मी वहिनीकडे हात केला. वहिनी खाली बघत होती. आईचं बोट पुन्हा वर. आम्ही सगळे थांबलो. कुठेतरी खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता.

'मला तिच्या घरी'.

मी उभीच होते, तरी उभी राहिल्यासारखं वाटलं. हे घर दादाचं. इथे आई आहेच. 'तिच्या घरी' म्हणजे दुसरं कुणाचं असणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मला आई हवी आहे. सकाळी उठल्यावर घरात कोणाची तरी चाहूल हवी आहे. ते चार लोकांसमोर पडद्यावर आलं होतं, हाताएवढ्या अक्षरांत.

"झालं!" मी म्हणाले. "वाचलंत ना सगळ्यांनी? दादा, वाचलंस? मी उद्याच गाडी सांगते. खुर्चीसकट उतरवायला दोन माणसं लागतील, ती मी बघते. आईची औषधं—"

"अगं, वाक्य कुठे संपलंय?" मामा.

"मामा, मला कळतं हो पुढचं. मी जन्मभर—"

"तुला काय कळतं? खाली बस. तोंड मीट."

मामा माझ्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते. मी बसले.

आई लिहीत होती. एक बोट. मधूनच चुकीचं अक्षर यायचं, ती ते पुसायची, नाकाशी धरून बघायची, दुसरं शोधायची. कोणी बोललं नाही. मीही नाही. तिनं शेवटी पूर्णविरामही शोधून काढला आणि दिला.

'मला तिच्या घरी एक वाक्यसुद्धा पुरं करता येणार नाही.'

जबानी इथे संपली. दादा स्वतःच्या पायांकडे बघत होता. मामांनी डोळ्यांवर हात घेतला होता. मी वहिनीकडे बघितलं, तिच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद बघायचा होता मला. ती तिथे नव्हती. आत गेली होती. निदान हसली असती तरी बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॉनिटर उचलून आणला. माझा आहे. दादा "राहू दे ना" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकायला हवं होतं बहुतेक. आता इथे माझ्या टेबलावर काळा ठोकळा उभा आहे. जोडायला काही नाही.

मला आईचा राग आला आहे. हे इथे लिहायला हरकत नाही. पलंगाचा, दांड्यांचा, खिडकीशी टाकलेल्या त्या चादरीचा, सगळ्यांचाच राग आला आहे. माझ्याबद्दल असं चारचौघांत लिहायची काय गरज होती? मला एकटीला गाठून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?

तो अंगठा राहून राहून डोळ्यांसमोर येतो. तो झटका नव्हता. म्हणजे इतके दिवस, मी त्या मॉनिटरच्या मागे वाकलेली असताना, आई

हे वाक्य मला पुरं करायचं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीचा फोन आला. "वन्सं, आई तुमची वाट बघताहेत."

"आई म्हणाली की तुम्ही म्हणताय?"

"आईंनी लिहिलंय. मी फक्त वाचतेय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचा विश्वास नसेल तर येऊन बघा."

म्हणून गेले. विश्वास नव्हता म्हणून.

आई खिडकीशी होती. मी समोर स्टुलावर बसले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तोंडात एक लवंग धरली होती, ती दाढेखाली दाबून ठेवली म्हणजे जीभ हलणार नाही. वहिनी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं बाहेर जावं असं मला वाटत होतं. ती गेली नाही.

आईनं टॅबलेट उचलला. नाकाशी धरला. लिहिलं आणि माझ्याकडे फिरवला. 'तुझा'.

तुझा राग. तुझा स्वभाव. तुझा बापही असाच होता. हे तिन्ही माझ्या तोंडाशी आले. लवंग चावली. तोंड पोळलं.

तिनं टॅबलेट परत स्वतःकडे घेतला. बोट फिरत राहिलं. 'तुझा तो'. तुझा तो चेहरा. तुझा तो आवाज. कोर्टात माझ्याकडून इतका वेळ कोणी काढून घेतला असता तर मी पेन्सिल मोडली असती. खिडकीतून ऊन आलं होतं ते तिच्या मांडीवरून माझ्या पायावर सरकलं. मी काही बोलले नाही.

मग तिनं पुरं करून दाखवलं.

'तुझा तो मोठा पडदा परत आण. यावर मला काही दिसत नाही.'

म्हणजे दिसत नव्हतं! पहिल्या दिवसापासून मी घसा फोडून सांगत होते, आणि ही बाई म्हणत होती, दिसतं हो त्यांना! मी वळून वहिनीकडे बघितलं. तिनं वाचलं होतं. तिचा चेहरा उतरला. "मला कधी बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, सवयीनंच जवळ धरतात."

मोठ्यानं मी काहीही बोलले नाही. त्याला साक्षीदार आहेत. इथे मात्र लिहिते: मी बरोबर होते.

उद्या मॉनिटर नेते. टॅक्सीवाल्याला चार जिने आधीच सांगायचे. जाड केबल त्या दिवशी दादाच्या घरीच राहिली होती, ती वहिनीनं कपाटातून काढून दिली. घट्ट घडी घालून वर रबर लावलेलं. केबलची अशी घडी घालतात का? आतली तार तुटते. एवढी साधी गोष्ट कळत नाही, आणि निघाली माझ्या आईचं करायला. हे तिला तोंडावर सांगणारच होते, तोंड उघडलंही होतं. पण आईचं बोट अजून वर होतं, म्हणून थांबले.